सावड फिटू नये म्हणून

आक्का, तुमच्या हातची शेवटची बातमी आज संध्याकाळी मी फळ्यावरून पुसली. नियम तुमचाच. झालेली बातमी फळ्यावर ठेवायची नाही, शिळ्या भाकरीसारखी ती ताजीची जागा अडवते. हात थांबला होता, खोटं कशाला सांगू, पण पुसली. शब्बीरभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ओलं फडकं माझ्या हातून घेतलं आणि नळाखाली धरलं. खडूचं पांढरं पाणी वाहून गेलं.

आता फळा कोरा आहे आणि माझ्या खिशात तुमच्या मुलाची, बाळासाहेबांची चिठ्ठी आहे. उद्या सकाळी दूधवाले यायच्या आत ती फळ्यावर लिहायची, असं सांगून ते गेले. चिठ्ठीत काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. "आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्व ग्रामस्थांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत." शुद्धलेखन अचूक आहे. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी त्याच फळ्यावर लिहिलं होतं आणि तुम्ही ते पुसलं होतं. त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलं, पण संपलं नाही. गुरुवारी पहाटे तुम्ही निघून गेलात आणि ते माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. ही चिठ्ठी लिहावी की लिहू नये, हे आता मलाच ठरवायचं आहे. म्हणून बसलो आहे. तुम्ही म्हणाल, लिवण्याबगर तुमाला दुसरं येतंय काय. खरं आहे.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा फळ्यासमोर उभा राहिलो तो दिवस? मी आणि निर्मला पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून नुकते खळेवाडीच्या नव्या इमारतीत राहायला आलो होतो. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून बरंच आत. नातेवाईक विचारायचे, पुण्यातच आहे ना ते? गाव नुकतंच महापालिकेत गेलं होतं. ग्रामपंचायतीच्या कचेरीला कुलूप लागलं, दवंडी बंद झाली, आणि निम्मा गाव 'आता समदं वरून व्हईल' म्हणत पारावर बसून राहिला. तुम्ही मात्र शाळेतून मोडीत निघालेला फळा मागून आणलात, शब्बीरभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर भिंतीला ठोकून घेतलात, आणि रोज सकाळी गावाच्या बातम्या लिहायला लागलात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नातीला नोकरी लागली, पाण्याचा टँकर कधी येणार, कोण दवाखान्यात आहे आणि त्याला डबा कोण नेणार. खाली सही नाही, नाव नाही.

मी वार्ताफलक वाचत मोठा झालेला माणूस. आमच्या पेठेत फलकावर एक वेलांटी चुकली तर लिहिणाऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो. शिवाय छापखान्यात उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. तुमच्या पाच ओळींत मला अकरा चुका दिसल्या. फळ्याखालच्या डबीतला खडू मी कधी उचलला ते मला कळलंही नाही. 'शनवारी'चं शनिवारी केलं. 'वड्यावर' काम आहे, असं लिहिलं होतं. तुम्ही ढचा ड करता हे माहीत नसल्यामुळे मला आधी वाटलं, अल्पोपाहार आहे. मग तोही ओढा करून टाकला. शेवटच्या ओळीत 'ज्याची त्याची पाटी' असं होतं. मी शब्बीरभाईंना विचारलं, प्रत्येकाने पाटी कशाला आणायची, नाव लिहून? त्यांनी आतून एक टोपली आणून माझ्या हातात दिली. आमच्याकडे पाटी म्हणजे भिंतीवर लावून लोकांना हाकलायची वस्तू. तुमच्याकडे ती डोक्यावर घेऊन माती वाहायची असते.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुरुस्त्यांच्या खाली तुमच्या वळणदार अक्षरात एक नवी ओळ होती. ज्यानं तपासलं त्यानं येताना खोरं आणावं.

मी गेलो. पेठेतला माणूस असा टोमणा सोडत नाही. ओढ्याच्या काठावर तीसेक माणसं होती, आणि नऊवारीचा पदर खोचून तुम्ही मधोमध उभ्या होतात. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "आलं का काना-मात्रा. खोरं कुटं हाय?"

खोरं नाही आमच्याकडे, असं मी म्हणालो. मग काय आणलंय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, चष्मा. तुम्ही हसत हसत काठावर बसूनच घेतलंत. त्या दिवशी तुम्ही मला जे काम दिलंत तेच पुढे सगळी वर्षं माझ्याकडे राहिलं. काठावर उभं राहायचं आणि आलेल्या पाट्या, खोरी, घमेली मोजून परत ज्याची त्याला द्यायची. माझं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. काना-मात्रा कुठे राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

तुकानानांची गोष्ट तुम्ही मला शेवटपर्यंत ऐकवलीत, म्हणून आज मी तुम्हाला ऐकवतो. फळ्यावर तुम्ही लिहिलं होतं, 'उद्या सकाळी सातला तुकानानांकडं सावड.' मी संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा ते वाचलं आणि मला वाईट वाटलं. तुकानाना मला भेटायचे, बरे होते. सावडणे म्हणजे तिसऱ्या दिवशी राखेतून अस्थी गोळा करणे, एवढा एकच अर्थ मला ठाऊक होता. शब्द अर्धवट राहिला आहे, असं समजून मी त्यापुढे 'णे' लावला. 'कडं'च्या जागी 'चे' केलं. दुःखाच्या बातमीत तरी चूक नको, असाही एक उदात्त विचार मनात होता.

सकाळी साडेसहाला तुकानानांच्या दारात पन्नास माणसं उभी होती. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे. लोहगावहून त्यांची बहीण रिक्षा करून आली आणि रस्त्यापासूनच तिने हंबरडा फोडला. तुकानाना तोंडात दातण धरून गोठ्यातून बाहेर आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, चूळ भरली आणि विचारलं, "कोन गेलं?"

बहीण त्यांच्या गळ्यात पडून आणखी जोरात रडायला लागली. मग तुम्ही आलात. तुम्ही फळा वाचून आला होतात, तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे तुम्ही फक्त एकदा पाहिलंत. एवढी माणसं आलीच आहेत तर गोठ्याचे पत्रे चढवूनच जा, असं तुम्ही सांगितलंत. पन्नास माणसांनी दुपारपर्यंत गोठा उभा केला. मला तुम्ही दिवसभर पत्र्यांचे खिळे मोजायला बसवलंत.

जेवताना तुम्ही मला सावड समजावलीत. आज तुझ्या रानात मी राबायचं, उद्या माझ्या रानात तू. मजुरी नाही, उपकार नाही. रानं विकली गेली तरी तुम्ही सावड सोडली नव्हती. ओढा, गोठा, लग्नाचा मांडव, आजारपण, जिथे एकाला जड जाईल तिथे सावड. मी घरी येऊन शब्दकोश उघडला. सावड आणि सावडणे, एकाखाली एक, दोन्ही होते. इतकी वर्षं त्याच कोशाच्या आधारावर मी जगाच्या चुका काढल्या होत्या, आणि वरचा शब्द मी कधी वाचलाच नव्हता.

मग निर्मला पडली. अर्धं अंग लुळं झालं, जीभ जड झाली. मुलगी परदेशात, ती महिनाभर राहून गेली. पुढे काय, हा विचार करत मी ती गेल्यावर चौथ्या दिवशी फळ्यासमोरून जात होतो तेव्हा वाचलं, 'बी इमारत, तिसरा मजला. सावड. दुपारची पाळी, रोज एक.' तुम्ही मला विचारलंही नव्हतं. दुपारी दोनला बेल वाजली आणि तुकानानांची सून दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंच्या घरच्या आल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही. चार महिने एकही दुपार चुकली नाही. कूस बदलायची, केस विंचरायचे, मऊ भात भरवायचा, आणि गावातली सगळी बित्तंबातमी सांगायची. आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे वही असते, तिच्यात 'येण्याचे कारण' असा रकाना आहे. चार महिने त्या रकान्यात रोज एकच शब्द होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं की सावड ही काही संस्था आहे का.

एका दुपारी निर्मलेने मोठ्या कष्टाने जीभ वळवून तुम्हाला 'आभारी' म्हटलं. तुम्ही पटकन तिच्या तोंडावर हात ठेवलात. मला वाटलं, तिला बोलायचे कष्ट नकोत म्हणून.

ती गेली तेव्हा मी विधी वगैरे काही करणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी येरवड्याला एकटाच रिक्षाने गेलो, अस्थी घ्यायच्या आणि परत यायचं एवढंच ठरवून. तिथे फाटकाशी तुम्ही उभ्या होतात, आणि तुमच्यामागे खळेवाडीची पंधरा माणसं. बायकासुद्धा. तुकानानांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. आक्का, मी त्या दिवशी रडलो नाही, पण तुम्ही आला नसतात तर मी त्या फाटकातून आत जाऊ शकलो नसतो. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

सांगितलं ते भलतंच. चौदाव्या दिवशी मी आंघोळ करून, चांगला नवा खडू घेऊन फळ्यावर गेलो आणि माझ्या सर्वोत्तम अक्षरात ते वाक्य लिहिलं. सर्व ग्रामस्थांचे मनःपूर्वक आभार. विसर्ग जिथल्या तिथे. मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फळा पुसलेला, आणि तिथे टँकरची वेळ.

मी तुमच्याकडे आलो. तुम्ही अंगणात ज्वारी पाखडत होतात. कुणी पुसलं, असं विचारलं तर तुम्ही सूप खाली न ठेवता म्हणालात, "म्या."

का, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"आभार मानलं की फिटलं. आमाला फिटवायचं न्हवतं."

एवढंच म्हणालात आणि पुन्हा पाखडायला लागलात. आणि मी, ज्याच्या बायकोचे केस तुम्ही चार महिने विंचरले होते तो मी, काय म्हणालो? म्हणालो, "कृतज्ञता व्यक्त करणं हा संस्काराचा भाग असतो आक्का. तुमच्याकडे तो नसेल, आमच्याकडे आहे." तुमच्या हातातलं सूप थांबलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाहीत. मी तरातरा निघून आलो. जिना चढतानाच मला कळलं होतं की मी काय बोललो, पण उलट फिरून खाली उतरायला लागतं तेवढं बळ माझ्यात नव्हतं. आमच्याकडे संस्कार असतात, ते असे.

तीन महिने मी फळ्याच्या रस्त्याने गेलो नाही. शनिवारी ओढ्यावर गेलो नाही. भाजी लांबच्या गाड्यावरून आणायचो. घरात इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मी काढून ठेवला. मग एका सकाळी शब्बीरभाईंनी फोन करून दुकानात बोलावलं, नळाचा वॉशर आला आहे म्हणाले. मी काही वॉशर मागितला नव्हता. गेलो. फळ्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सुचणा. फळ्यावर लई चूका व्हाया लागल्या हायेत. ज्याला दिसत्यात त्यो घरात का बसलाय?'

सुचणा. तुम्ही एरवी सूचना बरोबर लिहायचात, आक्का. ती मी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवली होती. मी खडू उचलला आणि पहिला उकार दीर्घ केला, णचा न केला. पुढचं डोळ्यांत पाणी आल्यामुळे दिसेना. शब्बीरभाई आत गेले आणि त्यांनी उगाच एक डबा हलवून ठेवला. त्या शनिवारी मी ओढ्यावर गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात, पाट्या मोजा, दोन कमी भरत्यात. दोन नव्हत्या कमी. मी तीनदा मोजल्या. माफी मी मागितली नाही आणि तुम्ही मागू दिली नाहीत. मला वाटायचं, वेळ आहे.

त्यानंतर मी एकच प्रश्न तुम्हाला वर्षातून चारदा विचारत राहिलो. तुम्हा सगळ्यांची सावड माझ्या अंगावर आहे, ती मी कशी फेडू? माझ्याकडे रान नाही, गोठा नाही, आणि काठावरून तुम्ही मला खाली उतरू देत नाही. स्मशानाच्या रस्त्यावर दिवे हवेत म्हणून मी अर्ज लिहून दिला, तो मंजूर झाला, दिवे लागले. मी विचारलं, ही धरायची का सावड? तुम्ही म्हणालात, "अर्ज लिवणं तुमाला येतंच की. जे येतं त्याला काय लागतंय? सावड अंगानं फेडायची असती." मग कधी, असं मी विचारलं. "समद्यांची येळ येती. आली की कळंल."

आली. गुरुवारी पहाटे तुम्ही चूल पेटवायला उठलात आणि उंबऱ्यातच बसलात, असं सूनबाई सांगत होती. दुपारी ओढ्याकाठच्या स्मशानात सगळं झालं. तिन्हीसांजेला बाळासाहेब माझ्याकडे आले. डोळे सुजलेले, हातात मोबाईल, तुमचा मोठा फोटो लावून चौकात फ्लेक्स लावायचा की नाही यावर मित्रांचे फोन येत होते. मला म्हणाले, काका, सावडण्याचं फळ्यावर तुम्हीच लिहा. परवा सकाळी सातला. दुसऱ्या कुणाचं अक्षर तिथं नको.

मी गेलो. फळा भरलेला होता. बुधवारी संध्याकाळी तुम्ही लिहिलेली बातमी, एवढीशी, मधोमध: 'शनवारी सकाळी सातला वड्यावर सावड. ज्याची त्याची पाटी.'

लिहायचं तर आधी ते पुसायला हवं होतं. शब्बीरभाईंनी फडकं ओलं करून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. त्यांनी परतही नेलं नाही. दोघंही फळ्याकडे बघत उभे राहिलो, फडक्यातून पाणी त्यांच्या चपलेवर टपकत होतं. मग ते हळूच म्हणाले, "लिवलंय की आक्कानंच."

मी पुन्हा वाचलं. वार तोच. वेळ तीच. जागा तीच. शब्दाचं काय, तुकानानांच्या गोठ्यापासून या फळ्यावरच्या सावडीला कोणता अर्थ लावायचा ते गाव आपलं आपण ठरवत आलंय. मी खडू डबीत ठेवला. मुद्रितावर शेवटी आम्ही शेरा मारायचो, 'छापण्यास हरकत नाही'. माझ्या सबंध नोकरीत मी इतक्या मनापासून कधी मारला नव्हता.

आज सकाळी ओढ्यावर दोन प्रकारची माणसं आली. गाव आलं ते तुमच्यासाठी, गंभीर चेहऱ्यांनी, पण प्रत्येकाच्या हातात पाटी होती, कारण फळ्यावर तसं लिहिलं होतं. आणि आमच्या इमारतींमधली दहा-बारा तरुण पोरं-पोरी आली, ती साफसफाईसाठी. त्यांच्या ग्रुपवर बुधवारीच फळ्याचा फोटो गेला होता, पुढचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. रबरी हातमोजे, डोक्यावर टोप्या. त्यांतली एक मुलगी, दर शनिवारी येते ती, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, आक्का कुठेयत? काम त्याच अलॉट करतात ना?"

मी हाताने राखेकडे दाखवलं. मग तिने हातमोजे काढले आणि गावातल्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दूध शिंपडलं, पाणी शिंपडलं. बाळासाहेब आणि तुमची भावकी राखेत वाकली. मी माझ्या जागेवर होतो, काठावर. बाळासाहेबांनी मान वर करून मला बोलावलं. मी म्हणालो, मी भावकीतला नाही. तेव्हा तुकानाना बोलले. नव्वदीला टेकलेत, काठी टेकत आले होते. "सावडायला भावकी लागती, काना-मात्रा. सावडीला लागत न्हाय. आज दोन्ही हाय. उतरा खाली."

मी उतरलो. राख अजून आत कोमट होती. माझ्या बोटांना जे लागलं ते बोटाच्या पेराएवढं होतं. मी ते पाण्यात धुतलं आणि मडक्यात ठेवलं. ज्या हाताने तुम्ही सगळी वर्षं चुका केल्यात त्या हाताचं ते असेल का, असं मनात आलं. मला काही कळायला मार्ग नव्हता. असंच समजलो.

बाळासाहेबांनी मडकं फडक्यात बांधून बाभळीच्या फांदीला टांगलं. आता सगळे घरी जाणार, तोंडं धुणार, असं मला वाटलं. कुणी हललं नाही. मग शब्बीरभाईंनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, आपली पाटी उचलली आणि ते ओढ्यात उतरले. त्यांच्यामागे बाळासाहेब. त्यांच्यामागे सगळे. त्या मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, पाट्या तुम्ही मोजणार ना? मी म्हणालो, आज कुणी मोजू नका. चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुडघाभर गाळात उभा राहिलो. कंबर दुखते आहे, तळहात सोलले आहेत, अंगठ्याला काच लागली आहे. दहा वाजता पुलाखालचं तुंबलेलं पाणी वाहायला लागलं. वरून तुम्ही बघत होतात वगैरे मी म्हणणार नाही, असली वाक्यं मी लोकांच्या मुद्रितांतून काढून टाकत आलो. मडकं फांदीला होतं आणि आम्ही सगळे त्याच्या खाली राबत होतो, एवढं खरं.

घरी येताना मला वाटलं, फिटली माझी सावड. अंगाने फेडली, तुमच्याच शब्दांत. आणि ते वाटल्याबरोबर इतकं एकटं वाटलं, आक्का, की मी जिन्यातच बसलो. तेव्हा तुमचं सूप आठवलं, थांबलेलं. 'आमाला फिटवायचं न्हवतं.' छापण्यास हरकत नाही असा शेरा मारून सही केली की त्या पानाशी आमचा संबंध संपायचा. ते पान पुन्हा आमच्या टेबलावर येत नसे. आभार हा तसाच शेरा आहे. निर्मला गेल्यावर मी तो अख्ख्या गावावर मारायला निघालो होतो, आणि माझं पान परत तुमच्या टेबलावर यायला हवं म्हणून तुम्ही तो पुसलात. मी त्याला संस्कार नसणं म्हणालो. चुकलो. हे मी काठावर उभा राहून कधीतरी सहज बोलायला हवं होतं. आता तुम्ही नसताना बोलतो आहे. मुद्रित छापून गेल्यावर सापडलेली चूक ही अशीच असते.

बाळासाहेबांची चिठ्ठी मी फळ्यावर लिहिणार नाही. उद्या सकाळी त्यांच्या हातात परत देईन. ते विचारतील, काका, लोक काय म्हणतील. मी सांगेन की तुमच्या आईने पुसलं असतं. पुढचं त्यांना पटलं तर पटलं, नाहीतर तीन महिने बोलणार नाहीत, त्याची मला सवय आहे.

फळा कोरा ठेवता येत नाही, हाही नियम तुमचाच. विहिरीमागे तुम्ही विकायला दिली नाहीत ती चार गुंठे ज्वारी काढणीला आली आहे. पाखरं बसायला लागली आहेत. तुमच्या घरात सध्या कुणाचं तिकडे लक्ष नाही, आणि असायचं कारणही नाही. म्हणून उद्याची बातमी मी आत्ताच कागदावर उतरवून ठेवली आहे: 'बुधवारी सकाळी सातला आक्कांच्या रानात सावड. ज्याचा त्याचा विळा.'

दोनदा तपासली. आभार मानत नाही, आक्का. विळा शब्बीरभाईंकडून आणून ठेवला आहे.